ठसका

सात मिनिटांची फिल्म, मार्क वीस.
विषय स्वतः शोधा, बोरसे सर म्हणाले,
आणि सूर्यास्त, उडणारी कबुतरं,
पाठमोरा चालत जाणारा एकटा मुलगा
यांना यंदा बंदी.

मग आम्ही नंदुरबारबाहेर पथारीवर गेलो,
तौसीफ पिंजारी, रोशनी वळवी आणि मी,
एका स्कूटीवर तिघं, माझ्या मांडीत
टोमॅटोचं रिकामं खोकं.
तोच आमचा ट्रायपॉड.

पथारी मला माहीत होती
बसच्या खिडकीतून:
लाल. एवढीच.
जवळ गेल्यावर तो लाल आधी नाकात शिरतो,
मग घशात,
डोळ्यांपर्यंत सगळ्यात शेवटी पोचतो.

पहिल्या दिवशी तौसीफनं अठरा शॉट घेतले,
सगळे धूसर.
मोबाइल बरोबर होता,
त्याचेच डोळे वाहत होते.
माझ्या ओढणीनं त्यानं आधी लेन्स पुसली, मग तोंड,
मग बोंबलत टाकीकडे धावला.

झमकूबाई देठं खुडत होती.
पदर नाकावरून, बोटांना चिंध्या.
"काय करी ऱ्हायनी व पोरी?"
पिच्चर, म्हटलं.
"पिच्चरमा हिरोईन कोन?"
तूच.
ती हसली, हसताना तिला ठसका लागला,
तो शेजारणीला लागला, तिथून पुढच्या रांगेत,
मोहल्ल्यात एखादीचं लग्न ठरल्याची बातमी जाते तसा.

मी वहीतला प्रश्न विचारला:
दिवसाचे किती मिळतात?
ती बोलली आणि बोलता बोलता खोकली.
आकडा खोकल्यात गेला.
मी परत विचारलं.
परत खोकली.
तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटली.

रोशनीच्या भावाच्या कॉम्प्युटरवर
आवाज स्वच्छ करायचं एक बटण आहे.
रात्री दोन वाजता आम्ही ते दाबलं.
खोकला गेला.
त्याच्याबरोबर सुपड्यांची सळसळ गेली,
मुकादमाची फटफटी गेली,
लांब कुणाचं तरी तान्हं रडत होतं तेही गेलं.
बायका पाण्याखालून बोलल्यासारख्या बोलू लागल्या.
खरं सांगते, आम्ही खूष झालो.
टीव्हीवर असतं तसंच वाटत होतं.
वर मी एक बासरी लावली,
फुकटात मिळालेली.

रविवारी झमकूबाईला दाखवली.
मोबाइल तिनं दोन्ही हातांत धरला,
गरम भाकर धरावी तसा, कडांना.
सात मिनिटं हलली नाही.
शेवटी तिचं नाव आलं, ते मी वाचून दाखवलं.
"बेस शे," म्हणाली.
मग थोडं थांबून,
"पन तुन्ही मिरची तिखट नही लागस."

परत येताना स्कूटीवर कुणी बोललं नाही.
रोशनीनं एवढंच विचारलं,
बासरी कुणाची आयडिया होती?

बासरी काढली.
बटण होतं तिथं नेऊन ठेवलं.
ठसके परत आले, मी मोजले, सतरा.
फटफटी आली. तान्हं आलं.
आकडा मात्र होता तिथंच अडकलेला.
खाली अक्षरांत देऊ या, तौसीफ म्हणाला,
पण तो आम्हाला तरी
कुठे ऐकू आला होता?

वर्ग नंबर चार. खिडक्यांना वर्तमानपत्रं,
आवाजासाठी पंखा बंद.
तिसऱ्या मिनिटाला मागच्या बाकावर
कुणीतरी खोकलं.
मला वाटलं, आमचाच ट्रॅक.
मग उजवीकडे कुणी. मग पहिल्या रांगेत दोघी.
पाचव्या मिनिटाला सरांनी घसा खाकरला
आणि बाटली शोधली.

तेरा मार्क.
शेरा: विषय चांगला, ध्वनीवर मेहनत हवी.

तौसीफ सरांकडे भांडायला जाणार होता, गेला नाही.
फिल्म आता पेन ड्राइव्हमध्ये आहे,
पेन ड्राइव्ह कंपासपेटीत.

ओढणी दोनदा धुतली.
काल कॉलेजला जाताना
तिच्यावर गरम इस्त्री फिरवली, तर
आतल्या खोलीत आई शिंकली.